विषाला कुलूप : घरात, गावात की बाजारात?

वऱ्हाडातील कोणत्याही मध्यम शेतकऱ्याच्या घरात शिरावे. माजघरात एक लोखंडी कपाट उभे असते. ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले असो, त्याला म्हणावयाचे ‘गोदरेजचे कपाट’च. लग्नात आलेले, किंवा कापसाच्या एखाद्या बऱ्या वर्षी अकोल्याच्या वा अमरावतीच्या बाजारातून बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून आणलेले. त्याच्या आतल्या चोरकप्प्यात सातबाऱ्याचे उतारे, बँकेचे पासबुक, सोसायटीच्या पावत्या, घरधनिणीची पोत आणि चार जुने दागिने ठेवलेले असतात. किल्ली तिच्या कमरेला असते किंवा देव्हाऱ्यामागे. घरात जे मोलाचे असेल ते कुलुपात ठेवावे, हे शहाणपण येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे.

त्याच घरात आणखी एक वस्तू असते. ती पडवीच्या वळचणीला खोचलेली असते, गोठ्यातल्या गव्हाणीमागे ठेवलेली असते किंवा आढ्याला टांगलेल्या पिशवीत असते. तिला कुलूप नसते. ती वस्तू म्हणजे कपाशीवर आणि तुरीवर फवारून उरलेल्या कीटकनाशकाची बाटली. दागिना चोरीस गेला तर हळहळ वाटते, पण एखाद्या सुगीनंतर तो पुन्हा घडवता येतो. या बाटलीने एखाद्या रात्री जे नेले ते कोणत्याही सुगीनंतर परत येत नाही. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम येथे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची शासकीय नोंद २००१ पासून ठेवली जात आहे. त्या नोंदींवर आजवर अनेक समित्या बसल्या, मदतयोजना निघाल्या, भाषणे झाली. तथापि घरातल्या त्या उघड्या बाटलीचा प्रश्न या सर्व चर्चेत कडेलाच राहिला. तो मध्यभागी आणणे आवश्यक आहे.

बंदूक आणि ‘औषध’

अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्या घरांची संख्या मोठी असल्याने ती ठेवण्याच्या पोलादी तिजोऱ्यांचा तेथे एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला आहे. पत्रा किती जाड असावा, कुलूप किल्लीचे घ्यावे की आकड्यांचे, तिजोरी भिंतीत कशी पक्की करावी, मुलांच्या हाती किल्ली पडणार नाही याची तजवीज कशी करावी, यांवर तेथे बारकाईने विचार होतो. चोरापासून संरक्षण एवढाच त्यामागील हेतू नाही. त्या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. म्हणून घरातले शस्त्र घरच्याच माणसापासून काही काळ दूर ठेवणे हे त्या तिजोरीचे एक मुख्य कार्य मानले जाते.

वऱ्हाडात बंदूक असलेली घरे थोडी. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी कोणाकडे ठासणीची बंदूक असते, एवढेच. परंतु ती मिळवण्यासाठी काय काय करावे लागते ते पाहावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे अर्ज करावा लागतो, जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते, ठरावीक मुदतीने परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. निवडणुका लागल्या की अनेक परवानाधारकांना आपली बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. घरातील शस्त्र ही सार्वजनिक चिंतेची बाब आहे, हे तत्त्व कायद्याने अशा रीतीने मान्य केले आहे.

आता दुसरे चित्र. कीटकनाशकाच्या विक्रेत्याला १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली परवाना लागतो. घेणाऱ्याला मात्र काहीही लागत नाही. बाटलीवर विषारीपणा दाखवणारा त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा त्रिकोण किती ग्राहकांना वाचता येतो, हा प्रश्न निराळाच. शिवाय बोलीभाषेने या वस्तूला दिलेले नावही विचार करावयास लावणारे आहे. गावात तिला कोणी विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. कृषी केंद्रातून ‘औषध’ आणले जाते, पऱ्हाटीवर ‘औषध’ मारले जाते. औषधाला कोणी भीत नाही, आणि ज्याची भीती नाही त्याला कुलूप लावण्याचे कोणाला सुचत नाही.

थोड्या विलंबाचे मोल

येथे एक शंका हटकून घेतली जाते. ज्याला मरावयाचेच आहे त्याला कुलूप काय अडवणार? बाटली नाही तर विहीर आहे, दोर आहे. ही शंका वरवर पाहता तर्कशुद्ध वाटते. परंतु अनुभव तिला दुजोरा देत नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी स्वयंपाकाचा गॅस दगडी कोळशापासून तयार होत असे आणि त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील आत्महत्यांपैकी फार मोठा वाटा या गॅसचा होता. पुढे हा गॅस कमी विषारी होत गेला आणि नंतर त्याची जागा नैसर्गिक वायूने घेतली. हा बदल आत्महत्या रोखण्यासाठी नव्हे, तर काटकसरीसाठी झाला होता. तरीही १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि वेल्समधील आत्महत्यांची एकूण संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. एक मार्ग बंद झाल्यावर सर्वच माणसे दुसऱ्या मार्गाकडे वळली नाहीत.

इस्रायलच्या सैन्याचा अनुभवही असाच आहे. तेथील तरुण सैनिक आठवड्याच्या सुटीवर घरी जाताना बंदूक बरोबर नेत असत. २००६ मध्ये ती छावणीतच ठेवून जाण्याचा नियम झाला आणि त्यानंतर सैनिकांच्या आत्महत्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. सैनिक तेच, त्यांचे ताणही तेच. बदलले ते शस्त्राचे ठिकाण.

याचे कारण मानवी मनाच्या घडणीत आहे. मनातील दुःख वर्षानुवर्षांचे असू शकते, परंतु कृतीचा क्षण बहुधा अल्पजीवी असतो. भांडण, अपमान, दारूची धुंदी, वसुलीची नोटीस, परीक्षेचा निकाल यांपैकी काहीतरी त्या क्षणी निमित्त ठरते. तो क्षण टळला की माणूस बहुधा सावरतो. प्राणघातक प्रसंगातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे दीर्घकाळच्या पाहणीतून दिसून आले आहे. म्हणून त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते. हाताशी जहाल कीटकनाशक असेल तर पश्चात्तापालाही सवड मिळत नाही, मग धारणीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अमरावतीला किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोहोचण्याची गोष्ट तर दूरच.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर कोणत्याही वस्तूची किंमत म्हणजे दुकानदाराला मोजलेले पैसे एवढीच नसते. ती मिळवण्यासाठी पडणारे कष्ट, लागणारा वेळ, घ्यावी लागणारी परवानगी हीदेखील किंमतच होय. बंदुकीची ही दुसरी किंमत कायद्याने जाणीवपूर्वक चढती ठेवली आहे. घरात उरलेल्या कीटकनाशकाच्या बाबतीत ती जवळजवळ शून्यावर आली आहे. कुलुपाचे काम ही किंमत वाढवणे, म्हणजेच विलंब निर्माण करणे हे आहे. हे एकदा ध्यानात घेतले की कोणते कुलूप चांगले आणि ते कोठे असावे, या प्रश्नांचा विचार करता येतो.

बाटली घरात येते कशी?

विष घरात राहते याला निष्काळजीपणा हे एकच कारण नाही. त्यामागे व्यवहाराचे एक गणित आहे. हंगामाच्या तोंडाशी शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते. बियाणे, खत आणि कीटकनाशक एकाच कृषी केंद्रातून उधारीवर उचलले जाते आणि कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर हिशेब मिटतो. उधारीचा ग्राहक वस्तूची निवड करीत नाही. दुकानदार जे देतो ते तो घेतो. लहान बाटली घेतली तर दर लिटरमागे अधिक पैसे पडतात, म्हणून मोठी घेतली जाते. दोन-तीन एकरांच्या वावराला ती पुरून उरते. उरलेले फेकून देणे जिवावर येते, कारण त्याचे पैसे अजून द्यावयाचे असतात. परत घेण्याची सोय नसते. वावरातल्या झोपडीत ठेवावे तर फवारणीचा पंपसुद्धा चोरीला जातो, तेथे बाटलीची काय कथा? मग ती घरी येते आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या फवारण्या उरकल्या तरी पुढच्या हंगामाची वाट पाहत घरातच राहते.

प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या परिस्थितीत योग्यच असतो. पण या योग्य निर्णयांची गोळाबेरीज होऊन गावातील घराघरांत वर्षभर विषाचा साठा राहतो, आणि हा परिणाम कोणालाच इष्ट नसतो. असा पेच केवळ उपदेशाने सुटत नाही.

पेटी निवडताना

तरीही घरापुरते जे करता येण्यासारखे आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण धोरणे बदलण्याची वाट आजच्या रात्रीला पाहता येत नाही. पहिली गोष्ट, साठा करूच नये. एका फवारणीला लागेल तेवढेच आणावे. दर लिटरमागे चार पैसे अधिक गेले तरी तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा समजावा. दुसरी गोष्ट, जे उरेल ते राहत्या घरात ठेवू नये. गोठा किंवा वावरातील पक्की खोली अशी स्वतंत्र जागा असेल तर ती बरी.

पेटी पत्र्याची, जाड, तळाशी न गंजणारी आणि भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली असावी. नाहीतर कुलपासकट पेटीच उचलली जाते. तिच्यात धान्य, बियाणे वा जनावरांचे खाद्य कधीही ठेवू नये. कीटकनाशक मूळ बाटलीतच, मूळ चिठ्ठीसह ठेवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याच्या सवयीने लहान मुलांचे जीव जातात, आणि रुग्णालयात नेलेल्या माणसाने नेमके कोणते रसायन घेतले हेही डॉक्टरांना कळत नाही. रिकामी बाटली घरगुती वापरात आणू नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न किल्लीचा. ज्या कुलपाची किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली असते ते कुलूप असून नसल्यासारखेच होय. किल्ली एकाकडे असावी आणि घरातील ज्या माणसाची काळजी वाटते त्याच्याकडे ती नसावी. अनेक घरांत तो माणूस म्हणजे खुद्द कुटुंबप्रमुखच असतो. तेव्हा किल्ली भावाकडे, शेजाऱ्याकडे किंवा विश्वासातल्या मित्राकडे ठेवण्यात कमीपणा मानू नये. घरात कोणी काही दिवसांपासून गप्प गप्प असेल, झोप उडाली असेल, निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर पेटीच्या भरवशावर न राहता त्या दिवसांपुरते सर्व कीटकनाशक घराबाहेर हलवावे. त्या माणसाशी मोकळेपणाने बोलावे आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

श्रीलंकेचा धडा

असे असले तरी घरोघरी पेट्या वाटल्या की प्रश्न सुटेल, या समजुतीत राहणे चुकीचे ठरेल. या कल्पनेची कसून परीक्षा श्रीलंकेत झालेली आहे. तेथील उत्तर-मध्य प्रांतातील १८० गावांत, सुमारे ५३ हजार कुटुंबांमध्ये एक मोठा प्रयोग करण्यात आला. निम्म्या गावांतील शेतकरी कुटुंबांना कुलूप लावता येणाऱ्या पेट्या देण्यात आल्या, उरलेल्या गावांत देण्यात आल्या नाहीत आणि तीन वर्षे दोन्हींकडील घटना नोंदवण्यात आल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कीटकनाशक घेण्याच्या प्रकारांत पेट्यांमुळे भरवशाने सांगता येईल अशी घट आढळली नाही.

हा निष्कर्ष निराश करणारा असला तरी विचार केल्यास अनपेक्षित नाही. पेटी आणि किल्ली एकाच छपराखाली असतील तर विलंब थोडाच होणार. आपल्या घरात कुलूप असले तरी शेजारच्या घरात नसते, आणि दुकान तर उघडेच असते. श्रीलंकेतीलच त्याआधीच्या एका लहान पाहणीत तर आणखी एक गोष्ट दिसली होती. पेटी मिळाल्यावर, पूर्वी शेतात ठेवले जाणारे कीटकनाशक लोकांनी घराजवळ आणून ठेवले. धोका कमी करण्याचे साधनच धोक्याला घराजवळ घेऊन आले.

तेव्हा पेटी वाया गेली, असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलांपासून आणि अपघातापासून ती संरक्षण देतेच. परंतु सर्व भार एकट्या कुटुंबाच्या पेटीवर टाकता येणार नाही. कुलूप घराबाहेर, उंबरठ्यापासून दूर दूर सरकवले पाहिजे.

घराकडून गावाकडे

त्यातील पहिली पायरी गावाची. तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नारकोइल तालुक्यातील दोन गावांत सामायिक साठवणुकीचा प्रयोग झाला. गावात एक पक्की खोली, तिच्यात शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कुलूपबंद कप्पे आणि देखरेखीला नेमलेला माणूस, अशी ती व्यवस्था होती. डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या गावांतील आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचे आढळले. गावे दोनच असल्याने यावरून अंतिम सिद्धान्त काढता येणार नाही, हे खरे. तथापि दिशा विचार करण्याजोगी आहे. बाटली आणि माणूस यांच्यामध्ये येथे नुसते कुलूप नाही, तर गावातला दुसरा एक माणूस उभा आहे. ‘आज काय फवारता?’ एवढा त्याचा साधा प्रश्नही कधी कधी जीव वाचवू शकेल.

वऱ्हाडात अशा व्यवस्थेसाठी नवी इमारत बांधावी लागेल असे नाही. गावोगावी सेवा सहकारी सोसायट्या आहेत, त्यांतील अनेकींची गोदामे आहेत आणि कर्जवाटप व वसुलीच्या निमित्ताने शेतकऱ्यांचा तेथे राबता असतो. गोदामाचा एक स्वतंत्र, हवेशीर कोपरा विटांच्या भिंतीने वेगळा करून तेथे कप्पे करता येतील. अडचणी आहेत. फवारणी सकाळी लवकर सुरू होते आणि सोसायटीचे दार उशिरा उघडते. तेव्हा हंगामापुरता किल्लीदार गावातलाच नेमावा लागेल आणि त्याला मानधन द्यावे लागेल. आपले ‘औषध’ दुसरा वापरील ही शंका असेल. त्यासाठी प्रत्येकाचा कप्पा वेगळा लागेल. सोसायटीनेच लहान बाटल्यांचा पुरवठा केला आणि न उघडलेली बाटली परत घेतली, तर उरलेल्या मालाचा प्रश्न बराच हलका होईल. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील काही गावांत एक-दोन हंगाम हा प्रयोग करून त्याची नीट मोजदाद ठेवली, तर त्याचा खर्च एखाद्या मदतयोजनेच्या जाहिरातीएवढाही येणार नाही.

दुकान आणि कारखाना

सर्वांत परिणामकारक कुलूप मात्र याहूनही दूर आहे. ज्या श्रीलंकेत पेट्यांचा प्रयोग अयशस्वी झाला, त्याच श्रीलंकेत आत्महत्यांचे प्रमाण १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. याचे प्रमुख कारण म्हणून अभ्यासक एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. त्या देशाने सर्वांत जहाल कीटकनाशके एकामागून एक बाजारातून काढून टाकली. १९८४ पासून हे काम सुरू झाले. १९९५ मध्ये सर्वाधिक विषारी गटातील उरलेली रसायने, १९९८ मध्ये एंडोसल्फान आणि २००८ ते २०११ या काळात आणखी तीन रसायने बंद झाली. माणसे पूर्वीप्रमाणेच संकटात सापडत होती, बाटलीकडे हातही जात होता. परंतु बाटलीत जे होते त्याने माणूस पूर्वीइतक्या सहज मरत नव्हता, आणि डॉक्टरांना सवड मिळत होती. या बंदीमुळे पिकांचे उत्पादन घटल्याचे आढळले नाही. २०२१ मध्ये त्या देशाने रासायनिक खते व कीटकनाशके यांवर एकदम सरसकट बंदी घातली आणि शेतीचे हाल झाले, ही गोष्ट निराळी. निवडक विषे पर्यायांसह काढून टाकणे वेगळे आणि सर्वच रसायने एका हुकमाने बंद करणे वेगळे.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत, पण ती सावकाश. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला; त्यांपैकी १२ तत्काळ आणि ६ डिसेंबर २०२० अखेरपासून बंद झाली. मे २०२० मध्ये आणखी २७ रसायनांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा त्यांपैकी तिघांवरच पूर्ण बंदी आली. मसुदा आणि आदेश यांच्यामध्ये उत्पादकांचे हितसंबंध, निर्यातीचे आकडे आणि पीक बुडण्याची भीती हे सर्व उभे असते.

वऱ्हाडाला या दिरंगाईची किंमत ठाऊक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. राज्य शासनाने त्या वर्षी पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर या विभागातील जिल्ह्यांत बंदी घातली, पण ती ६० दिवसांपुरती. कारण १९६८ च्या अधिनियमाने राज्याच्या हाती तात्पुरत्या बंदीचाच अधिकार दिला आहे, कायमचा अधिकार केंद्राचा. ज्या राज्यातील माणसे मरतात त्या राज्याच्या हाती कुलूप आहे, किल्ली मात्र दिल्लीला आहे. हा अधिकार राज्याला असावा काय, यावर गंभीर चर्चा होणे अगत्याचे आहे.

पर्यायांच्या बाबतीत हा प्रदेश असहाय नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून येथे आहे. कामगंध सापळे, निंबोळी अर्क, बोंडअळीच्या संख्येचा अंदाज घेऊनच करावयाची फवारणी, हंगाम संपताच पऱ्हाटीची विल्हेवाट, या गोष्टी शेतकऱ्यांना अपरिचित नाहीत. परंतु सल्ला देणारा विद्यापीठाचा माणूस वर्षातून एखाद्या वेळी भेटतो. उधारी देणारा दुकानदार रोज भेटतो. म्हणून शेतकरी कोणाचे ऐकतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मुळाशी काय आहे?

यावर एक आक्षेप असा येईल की, कर्ज, कापसाचा भाव, कोरडवाहू शेती आणि लहरी पाऊस ही आत्महत्यांची मुळे असताना पेटी आणि बाटली यांची चर्चा म्हणजे मूळ सोडून फांद्यांकडे पाहणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. भाव मिळाला पाहिजे, सिंचन आले पाहिजे, सावकारी पाश सुटला पाहिजे. कोणतेही कुलूप या मागण्यांना पर्याय ठरू शकत नाही. परंतु या सुधारणांना वर्षे लागतात. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती; त्यानंतरही मृत्यू थांबले नाहीत. आर्थिक धोरण फळास येईपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, ही साधी गोष्ट अर्थशास्त्रालाही नाकारता येत नाही.

शिवाय विष घेणारा प्रत्येक जण सातबाऱ्यावर नाव असलेला कर्जदार नसतो. मृत व्यक्तीचे कुटुंब मदतीस पात्र की अपात्र हे ठरवताना जमीन आणि कर्ज यांची कागदपत्रे पाहिली जातात. त्या निकषांत शेतमजूर, सासुरवासात पिचलेली सून, नापास झालेला मुलगा हे बसत नाहीत. बाटली मात्र त्यांच्याही हाताशी असते.

मनाचा आधारही उभा करता येतो, हे अमरावती जिल्ह्यातच दिसून आले आहे. ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात जिल्ह्यातील ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याने ग्रासलेल्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नसल्याने या आकड्यांचा अर्थ जपूनच लावला पाहिजे. तरी गावातलाच माणूस गावातल्या माणसाचे ऐकून घेण्यासाठी तयार करता येतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

यापुढचे काम केवळ शासनाचे नाही. खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला वर्गातील मुलांकडून कोणाच्या घरी काय चालले आहे याची कुणकुण लागते. बँकेतल्या लिपिकाला वसुलीची नोटीस कोणाला गेली हे ठाऊक असते. सोसायटीच्या गटसचिवाला कोणाचे खाते थकले हे माहीत असते. शहरात शिकणारा विद्यार्थी सुटीत गावी गेला की आढ्याला टांगलेली पिशवी त्याच्या नजरेस पडतेच. या सुटीत त्याने ती खाली काढावी, आत काय आहे ते वडिलांना विचारावे, त्रिकोणाचा रंग आईला दाखवावा आणि ती बाटली घराबाहेर कोठे ठेवता येईल याची बोलणी घरात सुरू करावी. घरातले मोलाचे ते कुलुपात ठेवण्याचे शहाणपण वऱ्हाडाला कोणी शिकवावयास नको. सर्वांत मोलाचे काय, याची मोजदाद तेवढी नव्याने करावयास हवी.